वारं गेलं म्हणजे काय गेलं

परत आल्यापासून आमच्या भजनी मंडळातल्या बायकांनी माझं डोकं खाल्लंय. किल्ला बघितला का, समुद्रात पाय बुडवले का, मुलीचा फ्लॅट केवढा आहे. मी सांगते, "बायांनो, मी वसईला जाऊन वारं बघून आले." त्यांना वाटतं मी उडवून लावते. एकेकीला बसवून सांगायचं म्हणजे माझी संध्याकाळ जाते आणि प्रत्येकीला सांगताना गोष्ट थोडी थोडी वाढते. म्हणून एकदाच जसं घडलं तसं लिहून ठेवते. ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचावं, बाकीच्यांनी वाचणारणीला विचारावं.

आमचं गाव कवठेमहांकाळ तालुक्यात. मागच्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग आहे, तेव्हा वाऱ्याचं आम्हाला कौतुक नाही. पण दसऱ्याच्या आसपास एका सकाळी तात्या, म्हणजे आमचे हे, चूळ भरायला गेले आणि पाणी तोंडाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. जवळ जाऊन बघते तर तोंड डावीकडं ओढलेलं आणि उजवा डोळा काही केल्या मिटेना. शेजारीण दारातूनच म्हणाली, "अगं बाई, तोंडावरनं वारं गेलं."

आमच्याकडं लकव्याला असंच म्हणतात. अंगावरनं वारं गेलं की माणूस एका बाजूनं लुळा पडतो, तोंडावरनं गेलं की तोंड वाकडं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी मात्र धीर दिला. म्हणाले, हा अंगावरचा लकवा नव्हे, चेहऱ्याची शीर सुजलीय, बहुतेकांचं तोंड हळूहळू जागेवर येतं. "आणि ज्यांचं येत नाही त्यांचं?" मी विचारलं. त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली आणि तात्यांना व्यायाम सांगितला. गाल फुगवा, आरशात बघून हसा, शीळ घाला. तात्यांनी ओठ जुळवून जोर केला तर नुसतं फुस्स. डॉक्टर म्हणाले, "ज्या दिवशी शीळ वाजेल ना आजी, त्या दिवशी समजा तोंड परतीला लागलं."

त्यांना काय माहीत, त्यांनी नेमकं कशाचं नाव घेतलं ते. तात्यांची शीळ म्हणजे आमच्या घरातलं घड्याळ. बैल होते तेव्हा बैलांना शीळ, बैल गेले तरी शीळ राहिली. खळ्यावर ज्वारी उफणताना, म्हणजे वाऱ्यावर भुसा उडवताना, वारं पडलं तर माझे सासरे आणि हे, दोघं बापलेक, शीळ घालून वाऱ्याला बोलवायचे. वारं त्यांचं ऐकायचं का, ते मी कधी तपासलं नाही. आणि शेतातून घराकडं निघाले की बांधावरूनच एक लांब, एक आखूड अशी शीळ यायची. ती माझ्यासाठी. म्हणजे चहा ठेव. लग्न झाल्यापासून मला नावानं हाक अशी मारलीच नाही या माणसानं. मी भांडायचे, मी काय बैल आहे का. पण शीळ आली की हात आपोआप पातेल्याकडं जायचा.

आता ती बंद झाली. बोलणंही जवळजवळ बंद. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठातून निसटायची, कुणी हसलं नाही तरी ते ओशाळायचे. माझ्या नावात त्यातलं एकही अक्षर नाही. शालन. निदान मला तरी हाक मारा, म्हटलं. तर तेही नाही. दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसून राहायचे.

गावानं सल्ले वारेमाप दिले. सगळ्यात मोठा सल्ला म्हणजे, वारं गेलेल्या माणसाला वारं लागू द्यायचं नाही. मी तो मनावर घेतला. पंखा बंद, खिडक्या बंद, कानातोंडाला मफलर. तेवढ्यात आमच्या रूपाचा, मुलीचा, फोन आला, "आई, त्यांना घेऊन इकडं ये. थोडा हवापालट होऊ दे." हवा पालटायला माझी हरकत नव्हती. वारं तेवढं नको होतं.

बोळिंज

आणि ही पोरगी राहते कुठं, तर बोळिंजला चौदाव्या मजल्यावर.

दार उघडलं तसं आतून वारं असं अंगावर आलं की माझा पदर मागं जिन्यात गेला. बैठकीत वारं, स्वैपाकघरात वारं, न्हाणीघराच्या झरोक्यात वारं. जावईबापू कौतुकानं सांगत होते, "इथं पंखा लावावाच लागत नाही, डायरेक्ट समुद्राची हवा." मी चप्पल काढायच्या आधी खिडक्या लावत सुटले. सरकत्या काचा होत्या, फटीतून शिट्ट्या वाजायला लागल्या. तात्यांनी त्या शिट्ट्यांकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. मी फटींत फडकी कोंबली.

आमच्याकडं दारं सताड उघडी असतात. कुत्रं, कोंबडी, शेजारीण, जो तो आत येतो. इथं उलटं आहे. दाराला दोन दोन कड्या आणि खिडक्या मात्र चोवीस तास उघड्या. माणसांपेक्षा वाऱ्यावर जास्त विश्वास. समोरच्या घरातल्या बाईंची आणि माझी लिफ्टमध्ये गाठ पडली. मी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" तर म्हणाल्या, "सातारा." मग चौदा मजले आम्ही जोंधळ्याच्या भाकरीवर बोललो. रूपा म्हणाली, शेजारी राहून तिलाही हे माहीत नव्हतं.

दोन दिवसांत रूपा वैतागली. "आई, घरात गुदमरायला होतंय गं. बाबांना लोणच्यासारखं मुरत घातलंयस तू."

"तुला शहराचं वारं लागलंय," मी म्हटलं, "म्हणून तुला कळत नाही."

तात्या गॅलरीच्या काचेशी खुर्ची टाकून बसायचे. काचेपलीकडं लांबवर पाण्याची एक रेघ दिसायची. नाकापर्यंत मफलर, डोळ्याला काळा चष्मा. बोलायचे काही नाहीत. त्यांचं तोंड तसंच राहिलं तर राहू दे, वाकड्या तोंडाचा नवरा मी सांभाळीन, पण हा मुका माणूस मला सोसवत नव्हता. रात्री जेवताना त्यांच्या उजव्या गालात घास अडकून राहायचा आणि ते बोटानं काढायचे, तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडं बघायचे.

पापडी

रूपा शाळेत शिकवते. तिच्या शाळेतली प्रिस्का नावाची बाई तिची जिवाची मैत्रीण. तिचं घर पापडीला. रविवारी त्यांची चर्चमधली मिस्सा झाल्यावर जेवायला या, म्हणून तिनं आग्रहानं बोलावलं.

बोळिंज सोडून तिकडं गेलं की आपण निराळ्याच गावात येतो. उंच इमारती मागं राहतात, रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूला केळी. प्रिस्काच्या अंगणात तुळशीवृंदावन असावं अशा जागी क्रूस, त्याला झेंडूची माळ. मी आपले सवयीनं हात जोडले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. घराच्या मागं विहीर, फुलझाडं, केळीची वाडी आणि तिच्यापलीकडं भाताचं छोटं वावर. भात कापून भाऱ्यांची उडवी रचून ठेवलेली. ती बघितल्यावर तात्यांनी काळा चष्मा काढला.

प्रिस्काचे सासरे इनास काका आणि सासूबाई सिसिलिया. दोघं आमच्याच वयाची. आपसात बोलायला लागली की मला एक शब्द कळेना. मराठीच, पण कुठल्या गल्लीतून कुठं वळते पत्ता लागत नव्हता. आमच्याशी बोलताना मात्र सावकाश बोलायची आणि तरी पाण्याचं पानी व्हायचंच.

"काय झाला तात्यांना?" सिसिलियाबाईंनी विचारलं.

"वारं गेलं," मी म्हटलं.

बाईंनी मान वर करून आभाळाकडं आणि केळीच्या शेंड्यांकडं बघितलं. मला वाटलं देवाचं नाव घेतात. मग रूपानं तोंडाकडं बोट करून "लकवा, मावशी" म्हटल्यावर त्यांनी "आगो बाय" म्हणून तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

जेवायला मटण होतं, झणझणीत, शिरक्याची आंबट चव असलेलं. आमच्या सांगली-कोल्हापुराकडच्या लोकांना वाटतं तिखट फक्त आपल्याला येतं, तर तसं नाही. आणि त्याबरोबर फुगे. आंबवलेलं मैद्याचं पीठ मुठीत घ्यायचं आणि अंगठ्याजवळून पिळून तेलात सोडायचं, की टम्म गोळे वर येतात. आत काही नाही, नुसतं वारं. मी दोन फोडून बघितले. तात्यांनी एक उचलला, हातात फिरवून बघितला आणि स्वतःच्या गालावर टिचकी मारली. जणू म्हणत होते, हा फुगला आणि हा बघा. आजारपणात त्यांनी केलेली ती पहिली चेष्टा. मी एवढी हसले की ठसका लागला.

सिसिलियाबाई माझ्यासारख्याच फटकळ. जेवणं झाल्यावर त्यांनी सरळ तात्यांचा मफलर सोडायला घेतला. "मानूस हाय की लोनच्याची बरनी? वारं लागू द्या जरा त्यांना."

"नको बाई," मी मफलर पुन्हा गुंडाळला. "वाऱ्यानंच घात केलाय."

तेवढ्यात इनास काका उडवीकडं बघून म्हणाले, बाकीचं भात मशीनवर झालं, पण बियाण्याचं ते हातानं झोडून सुपानं उफणतात, मशीनमध्ये दाणा दुखावतो. एरवी वायर ओढून मोठा पंखा लावतात, पण शुक्रवारी लाईट नसते आणि त्यांना सवड शुक्रवारीच. तात्या ताडकन उठले आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन सूप हलवून दाखवलं. इनास काकांनी सरळ विचारलं, "येता का शुक्रवारी?"

तात्यांनी अशी मान हलवली की मफलर सुटून गळ्यात पडला.

पुन्हा बोळिंज

गुरुवारी रात्रीपासून मी नाही म्हणत होते. उघड्या वावरात, उफणणीच्या वाऱ्यात उभं राहायचं, म्हणजे आजाराला बोलावणंच की. शुक्रवारी सकाळी बघते तर तात्या धोतर नेसून, टोपी घालून जावईबापूंच्या मोटारसायकलवर बसायला तयार. मफलर खुंटीवर.

"तो घाला," मी म्हटलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"घाला म्हणते ना."

पुन्हा नाही. वारं प्यालेल्या वासरासारखं त्यांचं ते टेचात उभं राहणं बघून माझं डोकंच फिरलं. "जा मग," मी म्हटलं, "लावून घ्या वारं. परत काही झालं तर मला सांगायला येऊ नका."

त्यांनी "बरं" म्हटलं. त्यातला ब ओठातून निसटला, नुसतं "रं" ऐकू आलं. मी दार लावलं.

मग मी पावटा सोलत बसले. रूपा शाळेत, जावईबापू त्यांना पापडीला सोडून तसेच कामावर. घरात मी एकटी आणि मी लावून घेतलेल्या खिडक्या. सगळा पावटा सोलून झाला आणि फोन वाजला. सिसिलियाबाई होत्या.

"ताई, वारं गेलं."

माझ्या हातातलं ताट खाली गेलं.

"तात्या बसलेत तसेच," त्या सांगत होत्या. "कवाची बोलवतेय मी, उठत नाय. बोलत पन नाय. तुमी या हिकडंच."

मी काय विचारलं ते मला आठवत नाही. फोन तुटला. परत लावला तर लागेना. रूपाला लावला, तिनं उचलला नाही. खाली उतरताना माझ्या लक्षात आलं की मी मफलर हातात घेतलाय. कशाला घेतला, देव जाणे.

कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. "पापडी, लवकर चल बाबा. माझ्या माणसाला बरं नाही."

"टेन्शन नका घेऊ काकी," रिक्षावाला म्हणाला, "एकदम वाऱ्यासारखी नेतो."

"वाऱ्याचं नाव काढू नकोस," मी ओरडले. बिचाऱ्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि नालासोपारा मागं पडेपर्यंत नुसता हॉर्न वाजवत राहिला.

उठत नाही, बोलत नाही. म्हणजे या वेळी अंगावरनंच गेलं. आमच्या आळीत एकजण असे पडून आहेत, त्यांच्या बायकोचं सगळं आयुष्य त्या खाटेभोवती फिरतं. ते मी करीन. उचलीन, भरवीन, सगळं करीन. पण त्यांनी ऐकलेलं माझं शेवटचं बोलणं "मला सांगायला येऊ नका" हे असेल, तर ते मी कुठं घेऊन जाऊ? त्यांना ते कळत असेल का, की तेही गेलं असेल? मी मफलर पिळत होते. बाहेर बघितलं तर एक पान हलत नव्हतं. केळीची पानं सरळ खाली लोंबत होती. मला तेही अशुभ वाटलं.

पापडीचं खळं

फाटकातून आत शिरले तर सिसिलियाबाई ओट्यावर निवांत मासे साफ करत बसलेल्या. "आलात ताई? बसा. जेवायला येल हाय अजून."

"कुठं आहेत?"

"खल्यात," त्यांनी सुरीनंच मागं दाखवलं.

या बाईचं काळीज दगडाचं आहे, असं म्हणून मी केळीतून पळत सुटले. पाटात पाय गेला, चप्पल तिथंच राहिली. केळी संपल्या आणि समोर खळं दिसलं. मधे भाताची रास, तिच्यावर पळिंज, म्हणजे पोकळ दाणे, आणि फोल तसंच. बाजूला पालथ्या पाटीवर तात्या बसलेले, माझ्याकडं पाठ. मांडीवर सूप, मान पुढं झुकलेली. हालचाल नाही. इनास काका शेजारी कमरेवर हात ठेवून उभे.

"अहो," मी हाक मारणार होते.

तेव्हा ऐकू आलं. आधी नुसतं फुस्स. मग परत फुस्स. आणि मग त्यातून निघाली शीळ. पातळ, मधेच हवा सुटलेली, थरथरणारी, पण शीळच. थांबली. त्यांनी ओठ पुसले, उजव्या गालाला बोटानं आधार दिला आणि पुन्हा घातली. ही दुसरी केळीच्या वरून गेली.

मी होते तिथं पेंढ्यात बसले.

इनास काकांनी वळून बघितलं. "ताई, तुमी कवा आल्या? बघा ना तात्यांना. सकालचं जमिनीवरचं वारं पडलं. दर्यावरचं यायला अजून थोडा टाइम हाय. म्हटलं घरात चला, पानी प्या, तर उठायचं नाव नाय. बोलत पन नाय. हातानं सांगतात, वारं बोलवतोय."

"वारं पडलं," मी म्हटलं. "म्हणजे हे वारं गेलं?"

"ह्येच. दुसरं कंचं?" काका म्हणाले. "रोज ह्या टायमाला जातं आनि रोज येतं."

मी हसत होते की रडत होते मला सांगता येणार नाही, दोन्ही एकाच तोंडानं चाललं होतं. एवढं हलकं मला लग्नानंतर, बाळंतपणानंतर, कर्ज फिटल्यावर, कधीच वाटलेलं नाही. सिसिलियाबाई मागून माझी चप्पल घेऊन आल्या. मला काय वाटलं होतं ते सांगितल्यावर त्या आधी पांढऱ्याफटक पडल्या. मग "आगो माजे बाय" म्हणत माझ्या शेजारी पेंढ्यातच बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांना म्हणे मला जेवायला बोलवायचं होतं. एकट्या आहेत घरी, तात्यांना उशीर होणार, तर त्यांनीही इथंच यावं.

तात्या आता वळले होते. तोंड अजून वाकडंच. पण ओठाचा उजवा कोपरा, जो इतके दिवस मेल्यासारखा लोंबत होता, तो जरासा हलला. माझे विस्कटलेले केस, एका पायात चप्पल, हातात पिळलेला मफलर, सगळं त्यांनी नीट बघून घेतलं.

"काय झालं, शालन?"

प नाही, फ नाही, ब नाही. सगळी अक्षरं साफ. मी म्हटलं, "काही नाही. मफलर राहिला होता, तो द्यायला आले."

त्यांनी पुन्हा ओठ जुळवले. माझ्याकडं बघून. गालाला बोट लावलं आणि एक लांब घातली. दम पुरेना, थांबले. मग एक आखूड.

मी उठले. "बाई, तुमची चूल कुठं आहे हो?"

"कशाला? गॅस हाय की घरात."

"चहा ठेवायचाय."

अर्ध्या वाटेत असताना केळीची पानं आधी एका बाजूनं आणि मग सगळी मिळून वाजायला लागली. पाठीवर गार वारं आलं, खारट. मागून इनास काकांचा आवाज आला, "आलं, तात्या, घ्या उफनायला," आणि सुपातलं भात राशीवर पडल्याचा सळसळता आवाज. फोल उडून माझ्या केसांत, मानेत, पदरात बसलं. शीळ घातली म्हणून आलं की वेळ झाली म्हणून, ते काकांना विचारा. मी वळून बघितलं नाही. मला चहाची घाई होती.

सिसिलियाबाईंनी आलं ठेचून दिलं, दूध काढून दिलं. चहा वर आला. परक्या स्वैपाकघरात फडकं कुठं ठेवतात ते मला माहीत नव्हतं आणि चहा उतू चालला होता. म्हणून हातात होता त्या मफलरनंच मी पातेलं उतरवलं.